सायकलीला कामाला लावताना

दुकानात उभी असलेली नवी गिअरची सायकल नीट बघा. मडगार्ड नाहीत, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, दिवा नाही. घंटी आणि स्टँड मिळालंच तर दुकानदाराच्या मर्जीने. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन, पोहे खाऊन परत यायला ती झकास आहे. पण सोमवारी तिच्यावर डबा, लॅपटॉप आणि इस्त्रीचे कपडे चढतात. त्यात जूनमधली एखादी सर आली, की ऑफिसात पोचेपर्यंत कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची रेघ उठलेली असते. अशा दोन-तीन सकाळी पुरतात. मग सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडते, आणि दोष मात्र पावसाला, रहदारीला नाहीतर स्वतःच्या आळसाला दिला जातो.

आता दूधवाल्याची काळी सायकल आठवा. दोन्ही चाकांवर पत्र्याची लांब मडगार्ड, जाड सळईचं कॅरिअर, मागचं चाक उचलून धरणारं डबल स्टँड, चेनवर कव्हर, मागच्या चाकाला गोल कुलूप, जमलं तर डायनॅमो. ती जड होती, तिला गिअर नव्हते, ब्रेक यथातथाच होते. तरी तिच्यावर माणसांनी रोज कामं केली, कारण कामाला लागणाऱ्या सगळ्या वस्तू तिच्या अंगावर पहिल्या दिवसापासून होत्या. गिअरची सायकल कामावर न्यायची असेल, तर पहिला पैसा याच वस्तूंवर घाला. कार्बनचं हँडल, हलकं चाक, महागडा गिअरसेट यांचं नंतर बघू. खरं तर नाही बघितलं तरी चालेल.

खरेदीला जाण्याआधी एकदा आपला रस्ता डोळ्यांसमोर आणा. अंतर किती, चढ कुठे, सायकल लावायची कुठे, ती जिन्यावरून उचलून न्यावी लागते का? पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे चढणाऱ्याच्या गरजा वेगळ्या आणि पेठांमधून सपाटीवर जाणाऱ्याच्या वेगळ्या. पुण्यात किंवा नागपुरात वाटेतला एखादा टप्पा मेट्रोने करणार असाल, तर सायकलीच्या वजनाचाही विचार हवा. लिफ्ट बंद असेल तेव्हा ती तुम्हालाच उचलायची आहे.

नवी सायकल घ्यायचीच असेल तर सस्पेन्शन नसलेली घ्या. पुढचं स्प्रिंगचं सस्पेन्शन स्वस्त सायकलीत दिसतं भारी, पण ते साध्या लोखंडी फोर्कपेक्षा सहज किलो-दीड किलोने जड असतं, चढावर तुमचा जोर खातं आणि मडगार्ड बसवताना आडवं येतं. खड्ड्यांचा त्रास कमी करायला रुंद टायर जास्त कामी येतो. दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखाली फ्रेमला स्क्रूची भोकं आहेत का, ते खाली वाकून बघा. भोकं असतील तर कॅरिअर आणि मडगार्ड पक्के बसतात, नसतील तर पट्ट्या आणि क्लिपांची जुळवाजुळव कायमची मागे लागते. लॉकडाउनमध्ये हौसेने घेतलेल्या कितीतरी चांगल्या सायकली आज पार्किंगमध्ये पडून आहेत. अशी एखादी मिळाली तर नवी घेऊच नका. वाचलेल्या पैशात ती संपूर्ण सजते.

काहीही विकत घेण्याआधी सीटची उंची लावून घ्या. आपल्याकडे बरेच लोक सीट फार खाली ठेवतात, थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. मग गुडघे दुखतात आणि सायकल जड लागते. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजा पेडलवर ठेवलात की गुडघ्यात हवा तेवढा हलका बाक आपोआप येतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय चार दिवसांत लागते. रोज जाणाऱ्याचं हँडल साधारण सीटच्या उंचीला किंवा थोडं वर असावं, म्हणजे मान वर करून रहदारी बघताना खांदे आवळत नाहीत.

आता टायर, कारण बाकीचं बरंचसं त्यांच्यावर ठरतं. डांबरी रस्त्यावर खडबडीत गाठींच्या टायरचा उपयोग शून्य. त्या गाठी घूंऽऽ आवाज करतात आणि तुमची ताकद खातात. गुळगुळीत किंवा बारीक नक्षीचा, ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा टायर आपल्या रस्त्यांना बरोबर. त्याहून अरुंद टायर ड्रेनेजच्या जाळीत आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकायला बघतो.

टायर आणायला जाताना मात्र नुसतं ‘सव्वीसचा द्या’ म्हणू नका. टायरच्या कडेवर ४०-५५९ किंवा ३५-६२२ असा आकडा कोरलेला असतो. पहिला आकडा रुंदीचा. दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. माउंटन बाइकचा सव्वीस इंची टायर ५५९ चा असतो, तर बऱ्याच जुन्या लेडीज सायकलींना लागणारा २६ बाय १ ३/८ हा ५९० चा. नाव एकच, पण एक दुसऱ्यावर जन्मात बसणार नाही. तसंच जुन्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस इंची टायर ६३५ चा आणि हायब्रिड सायकलीचा सातशे-सी टायर ६२२ चा. साडेसत्तावीस इंची म्हणून मिळणारा ५८४ चा. आपल्या टायरच्या आकड्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला की दुकानात वाद होत नाही.

ट्यूबच्या व्हॉल्व्हचेही तीन प्रकार. काळ्या सायकलीचा, आत रबरी नळी असलेला जुना व्हॉल्व्ह. स्कूटर-मोटारीसारखा जाड. आणि रेसिंग सायकलीचा बारीक, टोकाला छोटी पितळी चकती असलेला. रिमचं भोक परवानगी देत असेल तर रोजच्या सायकलीला जाड, मोटारीसारखाच बरा, कारण कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे आणि पेट्रोल पंपावर त्याची हवा मिळते. पेट्रोल पंपावर मात्र थोडीथोडी भरा. तो कॉम्प्रेसर मोटारीसाठी असतो, एका दमात ट्यूब फुटू शकते. बारीक व्हॉल्व्ह असेल तर बोटाच्या पेराएवढा पितळी अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा.

हवा किती भरायची, याचं कमाल प्रमाण टायरवरच छापलेलं असतं. तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. सत्तर किलोचा माणूस आणि चाळीस मिलिमीटरचा टायर असेल तर मागे ४५-५० पीएसआय आणि पुढे त्याहून चार-पाच कमी, इथून सुरुवात करा आणि आपल्या हाडांना विचारून कमीजास्त करा. फार कमी हवा ठेवलीत तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यात चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. घरात उभा पंप असावा. आठवड्यातून एकदा हवा बघितली तर बरीच पंक्चर टळतात.

टायर ठरला की मगच मडगार्ड घ्या. मडगार्ड टायरपेक्षा आठ-दहा मिलिमीटर तरी रुंद हवं आणि दोघांमध्ये करंगळी जाईल एवढी फट हवी. त्याहून कमी असेल तर ओला चिखल आणि गवत आत दाटतं आणि चाक घासायला लागतं. सीटखाली अडकवायचं ते टोकदार प्लास्टिकचं पान फक्त पाठ थोडीशी वाचवतं. पाय, बूट, चेन आणि मागून येणाऱ्याचं तोंड यांच्यासाठी त्याचा काही उपयोग नाही. चाकाला मिठी मारून जाणारं, दोन्ही बाजूंना तारेचा आधार असलेलं पूर्ण लांबीचं मडगार्डच घ्या. आणि त्यातही पुढचं महत्त्वाचं. लोक मागचं लावतात, पुढच्याला टाळाटाळ करतात. पण पुढचं चाक जे पाणी उडवतं ते थेट तुमच्या पावलांवर आणि चेनवर येतं, आणि ते पाणी म्हणजे वाळू कालवलेला लगदा असतो. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला जुन्या ट्यूबचा किंवा फिनेलच्या कॅनचा तुकडा कापून, रस्त्यापासून चार बोटं वर राहील असा, दोन बोल्टांनी लावून टाका. बूट कोरडे राहतात आणि चेनचं आयुष्य वाढतं. डिस्क ब्रेकच्या सायकलीत मडगार्डची तार ब्रेकला आडवी येते. तिथे बोल्टवर दोन-तीन वॉशर चढवून तार बाहेर काढायची, किंवा पकडीने तिला वळसा द्यायचा. चांगला मिस्त्री हे पाच मिनिटांत करतो. मडगार्ड वाजू लागलं तर जोडांत जुन्या ट्यूबचे चौकोनी तुकडे घाला.

पाठीवरची सॅक हा रोजची सायकल सोडून देण्यामागचा दुसरा मोठा बहाणा. पाच किलोची सॅक पाठीला लावून एप्रिलमध्ये चढ चढला की शर्ट पिळून काढावा लागतो, मग ऑफिसात आंघोळीची सोय नाही म्हणून सायकल बंद. वजन सायकलीवर टाका. मुंबईचे डबेवाले स्टेशनपासून पुढचे डबे सायकलीलाच लटकवतात, आणि दूधवाल्याचे कॅन मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, आसाच्या जवळपास उंचीवर टांगलेले असतात. वजन खाली आणि दोन्हीकडे सारखं असलं की सायकल डुगडुगत नाही. कॅरिअरला अडकणाऱ्या दोन बाजूंच्या पिशव्या, ज्यांना सायकलवाले पॅनिअर म्हणतात, त्याच तत्त्वावर चालतात.

कॅरिअर फ्रेमच्या चार भोकांना स्क्रूने बसणारं घ्या. बऱ्याच कॅरिअरवर २५ किलोपर्यंतची क्षमता कोरलेली असते, रोजच्या ओझ्याला ती पुरून उरते. नुसतं सीटच्या दांड्याला आवळलेलं कॅरिअर जरा वजन पडलं की वळणावर डावी-उजवीकडे फिरतं, त्याच्या नादी लागू नका. स्क्रू बसवताना आतून नायलॉनच्या कडीचा नट लावायला सांगा आणि पहिल्या आठवड्यानंतर सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळा. रस्त्याच्या हादऱ्यांनी नवे स्क्रू सैल होतातच.

पिशवी घेताना दुकानात सायकल घेऊनच जा. पिशवी अडकवून पेडल उलटं फिरवा आणि टाच पिशवीला लागते का ते बघा. लागत असेल तर पिशवी मागे सरकवता आली पाहिजे, नाहीतर ती घेऊ नका. तोंडाला गुंडाळी करून बंद होणाऱ्या, ताडपत्रीसारख्या कापडाच्या पिशव्या पावसात खऱ्या कोरड्या राहतात. साध्या पिशवीवरचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं आणि खालून पाणी आत येतं. महागडी पिशवी परवडत नसेल तर आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला. दिसत कुणाला नाही आणि लॅपटॉप कोरडा राहतो. लॅपटॉप उभा ठेवायचा, खाली टॉवेलची घडी. डबा दुसऱ्या बाजूच्या पिशवीत, तोही उभाच. आमटी नेणार असाल तर झाकणाला रबरी कडी असलेला घ्या. टोकांना आकडे असलेल्या लवचिक दोरीने सामान बांधायचा मोह टाळा. तो आकडा सुटून तारांमध्ये गेला की मागचं चाक जागच्या जागी जाम होतं.

भारलेली सायकल साइड स्टँडवर हमखास कोलमडते. दोन पायांचं डबल स्टँड बसत असेल तर तेच बसवा. हँडलच्या पुढे टोपली हवी असेल तर खुशाल लावा, पण तिच्यात भाजी आणि रेनकोटच ठेवा. जड वस्तूने हँडल ओढलं जातं.

साडी, ओढणी किंवा घेरदार कुर्ता घालून चालवणाऱ्यांसाठी चेनकव्हर ही चैन नाही. गिअरच्या सायकलीला पूर्ण कव्हर बसत नाही, पण पुढच्या दातेरी चाकाभोवतीचं प्लास्टिकचं गोल कडं बसतं आणि पायजम्यासाठी तेवढं पुरतं. मागच्या चाकाच्या वरच्या अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंनी जाळी लावून घेता येते, पॅनिअर असेल तर तीच जाळीचं काम करते. ओढणी मात्र बांधूनच घ्या. पॅंटवाल्यांना उजव्या पायाला एक वेल्क्रोची पट्टी पुरे, चमकणारी घेतलीत तर संध्याकाळी दिसायलाही मदत होते.

दिव्यांबद्दल थोडक्यात. समोर पांढरा, मागे लाल, दोन्ही चार्ज होणारे, आणि मागचा दिवसाढवळ्याही पावसात लावायचा. रस्त्यावर दिवे असतील तर समोर दोनशे ल्युमेन भागतात. हिंजवडीकडच्या एखाद्या अंधाऱ्या मधल्या रस्त्याने येत असाल तर चारशे. समोरचा दिवा खाली झुकवा. तो समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर तो आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येईल. मागचा दिवा पिशवीमागे झाकला जात नाही ना, ते सामान लादून दहा पावलं मागे जाऊन बघा. आपण डावीकडून चालतो, म्हणून आरसा उजव्या हँडलला. बस तुम्हाला ओलांडून स्टॉपसाठी डावीकडे वळण्याआधी ती आरशात दिसते. घंटी पितळी, टणकारणारी. मोबाइल कानाला लावून रस्ता ओलांडणाऱ्याला प्लास्टिकची ऐकू जात नाही.

पावसात ब्रेकचा हिशेब बदलतो. चकाकत्या लोखंडी रिमवर पाणी पडलं की रबराची पकड जवळपास नाहीशी होते. अॅल्युमिनियमच्या रिमवर ती बरीच टिकते, तरी चाकाचा पहिला फेरा पाणी पुसण्यातच जातो. म्हणून ओल्या रस्त्यावर सिग्नल दिसल्याबरोबर ब्रेकला हलका हात लावून ठेवा. लोखंडी रिमची जुनी सायकल वापरात असेल तर सगळ्यात आधी रिम बदला, पावसाळ्यापूर्वी. ब्रेकच्या रबरात अडकलेले धातूचे चकचकीत कण टोकदार वस्तूने काढा, नाहीतर ते रिमवर चर पाडतात. डिस्क ब्रेकवर तेल उडू देऊ नका. चेनला स्प्रे मारताना हे हमखास होतं.

चेनला शिवणयंत्राचं तेल घालायची जुनी सवय आहे. पहिल्या सरीत ते धुऊन जातं. गंज सोडवायला वापरतात तो स्प्रेही वंगणाचं काम करत नाही. चेनसाठी वेगळं तेल मिळतं. प्रत्येक कडीच्या नळीवर एकेक थेंब सोडा, पेडल उलटं फिरवा, मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढा. तेल आत हवं, बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं. चेन बदलायची वेळ ओळखायला स्टीलची पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर दुसरी पिन येते. ती १२ इंच आणि वर सोळांश सरकली असेल तर चेन बदला. अष्टमांश सरकेपर्यंत थांबलात तर मागचं फ्रीव्हीलही तिच्याबरोबर जातं.

गिअरच्या बाबतीत पुढे तीन चक्रं असतील तर काहीही बदलू नका, सगळ्यात लहान चक्र वापरायला शिका. बरेच लोक त्याला हातच लावत नाहीत. पुढे एकच चक्र आणि मागे सात गिअर असतील, आणि चढावर दम लागत असेल, तर १४-२८ दात्यांचं फ्रीव्हील काढून १४-३४ चं बसवता येतं. सगळ्यात हलका गिअर साधारण सतरा-अठरा टक्क्यांनी आणखी हलका होतो. तुमचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ३४ दात्यांना चालतो का ते आधी विचारा, आणि चेन दोन-चार कड्यांनी लांब लागेल हे गृहीत धरा.

कुलपाचं म्हणाल तर आकड्यांचं बारीक तारेचं कुलूप दुकानासमोर दोन मिनिटं उभं राहण्यापुरतं. दिवसभरासाठी जाड यू-कुलूप किंवा जाड साखळी, आणि ती मागचं चाक, फ्रेम आणि जमिनीत पक्की रोवलेली एखादी वस्तू या तिघांतून गेली पाहिजे. पुढचं चाक खटक्याने निघणारं असेल तर तो खटका काढून ऍलन कीने आवळायचा दांडा घाला. पेडलच्या आसाखाली, सायकल उलटी केल्यावर दिसेल असा फ्रेम नंबर असतो. त्याचा फोटो आणि बिल जपून ठेवा, चोरीची तक्रार करताना पोलिस पहिल्यांदा तेच मागतात.

सीटखालच्या छोट्या पिशवीत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच, छोटा पंप, ऍलन की आणि चाकाचे नट असतील तर १५ चा पाना. रस्त्यात पंक्चर जोडत बसू नका, ट्यूब बदला आणि पंक्चर घरी काढा. पण नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा. गावाकडे बाभळीचा काटा आणि शहरात ट्रकच्या फाटक्या टायरमधून गळालेली केसाएवढी तार, दोन्ही आत दडून बसतात. नुसत्या बोटाने चाचपाल तर रक्त येईल आणि तार सापडणार नाही.

हे सगळं एका दिवसात करायची गरज नाही. मे महिन्यात मडगार्ड, कॅरिअर, ब्रेक आणि दिवे उरकून घ्या, बाकीचं पगारापगाराने. पावसाळा संपला की दसऱ्याला आपण गाड्या धुऊन हार घालतोच. त्याच आठवड्यात सायकल मिस्त्रीकडे न्या. नुसतं ‘सर्व्हिसिंग करा’ म्हटलंत तर ती धुऊन, तेल मारून परत मिळेल. नेमकं सांगा: दोन्ही चाकांचे छर्रे काढून नवं ग्रीस, बीबीमध्ये, म्हणजे पेडलच्या आसात, आवाज येतो का ते बघणं, ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी बदलणं, चाकांचा आउट काढणं, कॅरिअरच्या स्क्रूंचा गंज बघणं. जमलं तर काम होईपर्यंत तिथेच स्टूल ओढून बसा. पुढच्या वर्षी यातली निम्मी कामं घरीच करावीशी वाटतील, आणि त्यासाठी लागणारे पाने कोणते घ्यायचे ते मिस्त्रीच सांगेल.